दाबोळीचा जुना नौदल तळ सिम्युलेटरवर उभारताना या चुका टाळा

फ्लाइट सिम्युलेटरवर जुना नौदल विमानतळ उभारण्याचे काम बहुधा धावपट्टीपासून सुरू केले जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. काम सुरू करण्याआधी वर्ष ठरवावे लागते. गोव्यातील दाबोळीच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे आहे, कारण मुरगावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, गेल्या सत्तर वर्षांत एकामागून एक निरनिराळे विमानतळ नांदले आहेत. पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात बांधलेला विमानतळ, १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी ज्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले तो विमानतळ, एप्रिल १९६२ मध्ये नौदलाने ताब्यात घेतलेला विमानतळ आणि आज पर्यटकांनी गजबजलेला विमानतळ यांची जागा एकच असली, तरी दृश्य एक नाही.

वर्ष न ठरवल्यास होणारा घोटाळा सहसा विमानांच्या निवडीत आधी दिसतो. आयएनएस हंसा हा तळ सप्टेंबर १९६१ मध्ये कार्यान्वित झाला खरा, पण तो कोइम्बतूरजवळच्या सुलूर येथे. दाबोळीला तो जून १९६४ मध्ये हलवण्यात आला. त्यामुळे १९६२ सालच्या दाबोळीवर सी हॉक विमानांची रांग उभी करणे चुकीचे ठरते. सी हॅरियरची पहिली तुकडी डिसेंबर १९८३ मध्ये येथे उतरली, आणि नौदलाची हॉक प्रशिक्षण विमाने २०१३ मध्ये दाखल झाली तीही विशाखापट्टणमच्या आयएनएस डेगा येथे. सुपर कॉन्स्टेलेशनची गोष्ट याहून मजेशीर आहे. डिसेंबर १९६१ मध्ये बॉम्बफेकीनंतर घाईघाईने डागडुजी केलेल्या धावपट्टीवरून रात्रीच्या अंधारात जी दोन प्रवासी विमाने निसटली त्यांपैकी एक पोर्तुगीज कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन होते, आणि पुढे १९७६ पासून भारतीय नौदलाने याच जातीची विमाने सागरी टेहळणीसाठी याच दाबोळीहून उडवली. म्हणजे विमान तेच, पण रंगसंगती चुकली की पंधरा वर्षांचा फरक पडतो. ज्यांना प्रशिक्षणाचा काळ रंगवायचा आहे त्यांनी १९६४ ते १९८३ हा पट्टा निवडावा, असे माझे मत आहे; व्हँपायर, किरण, सी हॉक आणि आलिझे या सगळ्या विमानांना त्यात जागा मिळते.

वर्ष ठरले की भूभागाकडे वळावे. येथे बहुतेक जण आजची उपग्रह छायाचित्रे खाली अंथरतात आणि त्यांवर जुन्या इमारती ठेवतात. परिणामी १९७०च्या दृश्यात झुआरीवर पूल दिसतो, जो १९८३ मध्ये झाला. त्यापूर्वी कुठ्ठाळी आणि आगशी यांच्या दरम्यान फेरीबोट चालत असे. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला, तर नव्या प्रवासी टर्मिनलचा वापर २०१३ पासून सुरू झाला. मुरगाव बंदराकडे येणारा रेल्वेमार्ग मात्र एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि त्या काळी तो मीटर गेज होता, म्हणून रेल्वे दिसली की पुसून टाकायची अशी सरसकट कात्री लावू नये. अमेरिकेच्या कोरोना टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली करण्यात आली असून ती अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. ती काळीपांढरी आहेत आणि कडेला ताणलेली असतात, त्यामुळे ती थेट टेक्स्चर, म्हणजे भूभागावर पांघरायचे चित्र, म्हणून वापरू नयेत. रस्ते, वस्त्या आणि धावपट्टीची टोके तपासण्यासाठी मात्र त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. आजच्या धावपट्टीची सुमारे ३,४३० मीटर लांबी कोणत्याही जुन्या वर्षाला डोळे मिटून लावू नये, ती अशा छायाचित्रावरच मोजावी.

उंचीच्या माहितीतही काळ लपलेला असतो, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच मोफत मेशचा, म्हणजे भूभागाचे चढउतार दाखवणाऱ्या जाळ्यांचा, आधार असलेले रडार सर्वेक्षण फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून झाले. त्यामुळे डिचोली आणि सांगे भागातील लोहखनिजाच्या खाणींचे खड्डे आणि मातीचे ढिगारे १९६४च्या दृश्यातही दिसू लागतात. विमानतळापुरते पाहिले तर ते दूर आहेत, पण दिशाज्ञानाच्या सरावासाठी पूर्वेकडे उड्डाण करायचे असेल तर तो भाग हाताने गुळगुळीत करावा लागेल. ऋतूचेही तसेच आहे. उपग्रह छायाचित्रे बहुधा ढगविरहित कोरड्या महिन्यांतील असतात, म्हणून जुलै महिन्याच्या उड्डाणातही सडा करपलेला आणि तांबडा दिसतो. प्रत्यक्षात पावसाळ्यात तोच जांभ्याचा सडा गवताने हिरवागार होतो.

दाबोळी पठारावर आहे, आणि हे पठार नीट उभे राहिले नाही तर बाकीची मेहनत वाया जाते. सुमारे तीस मीटर अंतराने घेतलेल्या उंचीच्या नोंदींमध्ये सड्याची कड बोथट होते, आणि त्यावर संपूर्ण विमानतळ सपाट करण्याचा पर्याय निवडला की कडेपलीकडचा उतारही ओढला जाऊन धावपट्टीच्या टोकाला मातीची भिंत तयार होते. सपाटीकरणाची सीमा धावपट्टी, टॅक्सीवे आणि एप्रन (विमाने उभी करण्याची जागा) यांभोवती घट्ट आखावी आणि तिच्याबाहेर उताराची एक रुंद पट्टी सोडावी. उंची तपासण्याची सोपी रीत अशी आहे की विमान धावपट्टीवर उभे करून अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीमापकावर, समुद्रसपाटीचा दाब लावावा. काटा साधारण १८४ फुटांवर, म्हणजे ५६ मीटरांवर स्थिरावला पाहिजे. तो शून्य दाखवत असेल तर एकतर विमानतळ समुद्रपातळीला बुडाला आहे किंवा आपण विमानतळाचा स्थानिक दाब लावला आहे. दोन्ही दाबांत येथे सुमारे सात मिलिबारचा फरक पडतो.

प्रकाशव्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, तांबड्या-पांढऱ्या दिव्यांची ‘पापी’ (PAPI) ही उतरणदर्शक रचना १९७०च्या दशकात विकसित झाली. सिम्युलेटर ती आपणहून बसवतो, आणि १९६०च्या दशकातील धावपट्टीवरून ती हाताने काढावी लागते.

आता विमानांकडे वळू, कारण तक्रारी सर्वाधिक येथेच असतात. व्हँपायरमधील गॉब्लिन, सी हॉकमधील नीन आणि किरणच्या दोन आवृत्त्यांमधील वायपर व ऑर्फियस ही सगळी एकाच दंडाची टर्बोजेट इंजिने आहेत. आधुनिक प्रवासी जेटच्या, सिम्युलेटरला विमानाचे गुणधर्म सांगणाऱ्या फाइलमधून दोन दंडांच्या टर्बोफॅनची मूल्ये उचलून ती या विमानांना लावली जातात, आणि मग विमान थ्रॉटल पुढे सरकवताच उसळी घेते. जुन्या जेटमध्ये इंजिनाची गती वाढायला वेळ लागतो. उतरताना वेग कमी होऊ देऊन शेवटच्या क्षणी शक्ती मागणारा प्रशिक्षणार्थी तेव्हा संकटात सापडत असे, आणि ही मर्यादा फाइलमध्ये नसेल तर प्रशिक्षणाचा मुद्दाच हरवतो. दुसरी चूक चाचणीच्या हवामानाची आहे. पंधरा अंश तापमानाच्या प्रमाण वातावरणात सगळे आकडे जुळवायचे आणि विमान गोव्यात उडवायचे, असे केल्यास ते फारच चपळ वाटते. तीस अंश तापमानाला दाबोळीची हवा सुमारे दोन हजार फूट उंचीवरील हवेइतकी विरळ असते. उड्डाणासाठी लागणारी धाव त्या तापमानात तपासावी.

व्हँपायर जमिनीवर वळत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचे पुढचे चाक सुकाणूला जोडलेले नसून मोकळे फिरणारे आहे, आणि वळण घेण्यासाठी नियंत्रण दांड्यावरील ब्रेकचा खटका दाबून रडर एका बाजूला द्यावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये पुढच्या चाकाच्या नोंदीतील वळणकोन १८० ठेवला की चाक मोकळे होते. त्यानंतरही विमान वळत नसेल तर दोन्ही बाजूंचे ब्रेक स्वतंत्रपणे चालतात की नाही ते पाहावे. कोचीच्या तळावर नेमबाजीच्या सरावाचे लक्ष्य ओढण्यासाठी वापरलेले फायरफ्लाय हे पंख्याचे विमान तयार करणाऱ्यांनी पंख्याची दिशा विसरू नये. त्याचे ग्रिफन इंजिन वैमानिकाच्या बाजूने पाहता पंखा डावीकडे फिरवते, म्हणून उड्डाणाच्या वेळी विमान उजवीकडे ओढले जाते. अमेरिकी विमानाची फाइल नक्कल केल्यास ही ओढ नेमकी उलटी होते.

बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात यांपैकी कित्येक विमाने डोळ्यांसमोर उभी आहेत, आणि गोव्यातील छंदिष्टांचे हे मोठे भाग्य आहे. परंतु वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचे शॉक ॲब्सॉर्बर दबलेले असतात, टायर बसलेले असतात आणि फ्लॅप खाली लोंबत असतात. अशा विमानाची जमिनीपासूनची उंची मोजून प्रतिकृती बनवली तर ती पोट टेकवून चालल्यासारखी दिसते. पंख, शेपटी आणि कॉकपिट यांचे प्रमाण तेथे घ्यावे, चाकांच्या दांड्यांची लांबी मात्र तांत्रिक आराखड्यातून घ्यावी. रंगावरही भिस्त ठेवू नये, कारण खारा वारा आणि पाऊस यांमुळे ही विमाने पुन्हा पुन्हा रंगवावी लागतात. आजही नौदलाच्या ताब्यात असलेल्या भागाची छायाचित्रे घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ते कायद्याने महागात पडू शकते, आणि जुन्या काळाच्या दृश्यासाठी त्याची गरजही नसते.

विमानवाहू नौकेच्या सरावात एक ढोबळ चूक दिसते. इंटरनेटवर मिळणाऱ्या जुन्या विक्रांतच्या काही प्रतिकृतींमध्ये पुढे उंचावलेला स्की-जंप असतो, आणि त्यावरून सी हॉक उडवले जाते. विक्रांतला स्की-जंप १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील नूतनीकरणात मिळाला. सी हॉक आणि आलिझे यांची झेप वाफेच्या कॅटापल्टवरून, म्हणजे विमानाला पुढे फेकणाऱ्या यंत्रणेवरून, होत असे. किनाऱ्यावरील दाबोळीच्या स्की-जंपवरून हलक्या लढाऊ विमानाच्या नौदल आवृत्तीने पहिली झेप २०१४ मध्ये घेतली, तेव्हा १९७०च्या दृश्यात तोही नको. धावपट्टीवर रंगवलेल्या नौकेच्या बनावट डेकवर उतरताना शेवटी नाक उचलून विमान तरंगत ठेवण्याची जमिनीवरची सवय सोडावी लागते. उतरणीचा कोन टेकेपर्यंत तसाच राखावा लागतो.

सगळे बरोबर असूनही दृश्यात दोन धावपट्ट्या दिसत असतील, तर आधी विमानतळाची सांकेतिक अक्षरे पाहावीत. जुन्या सिम्युलेटरमध्ये दाबोळी व्हीएजीओ म्हणून नोंदलेले आहे, आज ते व्हीओजीओ आहे, आणि व्हीओजीए हा गोव्यातील मोपा येथील दुसऱ्या विमानतळाचा संकेत आहे. जुन्या संकेताने बनवलेला विमानतळ नव्या संकेताच्या मूळ विमानतळाला हटवत नाही, म्हणून दोन्ही एकमेकांवर बसतात. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये सीनरीच्या क्रमाची एक मजकूर फाइल असते. तिच्यात विमानतळ वर आणि मेश सर्वांत खाली असावी. धावपट्टी लुकलुकत असेल तर दोन पृष्ठभाग एकाच उंचीवर आले आहेत, त्यांपैकी एकाचा थर बदलावा. विमान सुरुवातीलाच हवेतून आपटत असेल किंवा जमिनीत रुतत असेल, तर चाकांच्या संपर्कबिंदूंची एकके तपासावीत. प्रतिकृती घडवण्याच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये माप मीटरमध्ये असते आणि मायक्रोसॉफ्टच्या फाइलला ते फुटांत हवे असते, म्हणून प्रत्येक आकड्याला ३.२८ ने गुणावे, आणि मगच उभ्या स्थितीतील गुरुत्वमध्याची उंची नव्याने भरावी.