राजगड ते तोरणा : धार सोडू नका

राजगड-तोरणा ही डोंगरधार मी नऊ वेळा चालले आहे. दरवेळी राजगडाकडूनच. तोरण्याहून सुरुवात केली तर त्याच्या बुधला माचीचा (माची म्हणजे गडाच्या माथ्याखालची तटबंदीची सपाटी) कातळटप्पा आणि त्याखालचा घसारा उतरावा लागतो. माझ्या मते तो चढणंच बरं. चढताना हाताची पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय चाचपडत ठेवावा लागतो.

मुक्काम पायथ्याच्या गावात करा आणि पहाटे चारला निघा. गुंजवण्यातून चोरदरवाजाची वाट जवळची आहे, पण वरचा कातळ अंधारात नको. त्यापेक्षा पाल गावातून पाली दरवाजाने या. पायऱ्या रुंद आहेत, विजेरीच्या उजेडात नीट चढता येतं. उजाडता उजाडता पद्मावती माचीवर पोहोचता. बालेकिल्ल्याचा, म्हणजे गडाच्या सर्वांत उंच भागाचा, मोह या दिवशी आवरा, तो वेगळ्या खेपेला.

संजीवनी माची मात्र घाईत ओलांडू नका. तिची दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज (बाहेरून आणखी एका भिंतीचं कवच असलेले) पाहताना माझा पाय दरवेळी अडतो. समोर पश्चिमेला तोरणा दिसतो. आळू दरवाजातून बाहेर पडलात की खरी चाल सुरू.

इथून एकच नियम पाळा: धार सोडायची नाही. धारेवरून ढोरवाटा फुटतात आणि त्या मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात. तिसऱ्या खेपेला मी अशाच एका वाटेने उतरत गेले. भाची सोबत होती, तिने दोनदा विचारलं, "मावशी, धार वर राहिली ना गं?" मी ऐकलं नाही. दीड तास गेला, दोघींचं पाणी संपलं. तेव्हापासून धार डोक्याच्या वर दिसू लागली आणि वाट उतरतच राहिली, की मी थांबते आणि मागे फिरते.

खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. कुणाचा गुडघा कुरकुरत असेल, अंगात कणकण असेल, तर त्याने इथेच थांबावं, गाडी बोलवावी. पुढे सुटकेची अशी सोपी जागा नाही. रस्ता ओलांडून पुन्हा सोंडेवर चढलात की धनगरांची घरं लागतात. ताक मिळालं तर प्या, पैसे द्या आणि कचरा सोबत न्या.

पाणी माणशी चार लिटर. तीन पुरतं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. कारवीची झुडपं संपली की सावलीही संपते, आणि बुधल्याच्या पायथ्याशी बाराच्या आत पोहोचायचं असतं. उपड्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा तो सुळका लांबूनच ओळखू येतो. शेवटचा चढ अंगावर येणारा, मुरुमाचा. एकामागोमाग चढू नका, वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. लोखंडी शिडीवर एका वेळी एकच जण.

माचीवरून कोकण दरवाजाने आत शिरलात की मेंगाईचं देऊळ. तिथे बूट काढून अर्धा तास पाय पसरा. बिनी दरवाजातून पायथ्याच्या वेल्ह्याला उतरताना रेलिंग आहे, ते धरा. पाय थकलेले असतात आणि उतार संपत आला असं वाटतं, तिथेच माणसं घसरताना मी पाहिली आहेत. गाडी सकाळीच वळसा घालून वेल्ह्यात यायला सांगून ठेवा.

पावसाळ्यात ही वाट करू नका. डिसेंबर-जानेवारी उत्तम.