नॅस बसवताय? या चुका टाळा

"दोन डिस्क टाकल्यात, आता डेटाची काळजी नाही." नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारं डिस्कचं खोकं, बसवून झाल्यावर हे वाक्य बहुतेक प्रत्येक ऑफिसात कानावर येतं, आणि ते आलं की मी उचललेली बॅग खाली ठेवून पुन्हा खुर्ची ओढतो. सीएचं ऑफिस असो, आर्किटेक्टचं असो, लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओ असो, नाहीतर घरातल्या चार फोनमधले फोटो एका जागी आणायचे असोत, चुका त्याच त्याच होतात. खोकं कुठल्या कंपनीचं घ्यावं यावर लोक महिनाभर वाचतात आणि सेटअप मात्र एका दुपारी उरकतात. नुकसान या घाईतून होतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

रेडला बॅकअप समजणं

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच डेटा एकाच वेळी लिहिला जातो. रेड ५ मध्ये तीन किंवा जास्त डिस्क लागतात आणि त्यातली एक मेली तरी काम चालू राहतं. रेड ६ दोन डिस्क जाणं सोसतं. रेड ० काहीच सोसत नाही, त्याचं नावही काढू नका. या सगळ्याचा उद्देश एकच: डिस्क बिघडल्यामुळे ऑफिसचं काम थांबू नये. कुणी चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे होतात. चोरी झाली, वीज पडली, वरच्या मजल्यावरचं पाणी झिरपलं तर खोकंच जातं. अशा वेळी त्यात दोन डिस्क होत्या की आठ, याला काही अर्थ राहत नाही.

एका स्टुडिओतली गोष्ट सांगतो. चार बेचा, म्हणजे डिस्कच्या चार खणांचा नॅस, रेड ५, ऐन लग्नसराई. मालक बाहेरगावी शूटवर होते आणि त्यांच्या फोनवर ॲपचा इशारा आला की डिस्क २ खराब झाली आहे. ही आणीबाणी नव्हती. रेड ५ अशा वेळी चालू राहतं. त्या दिवशी फक्त नवं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि डिस्क बदलणाऱ्या माणसाची वाट बघायची, इतकंच करायचं होतं. मालकांनी फोनवर सांगितलं, "दोन नंबरची काढ, नवी टाक." स्टुडिओतल्या मुलाने दोन नंबरची काढली, पण त्याने उजवीकडून मोजलं आणि त्या खोक्यात बे डावीकडून मोजतात. एक आधीच मेलेली, एक धडधाकट असून खेचलेली, म्हणजे चारातल्या दोन गेल्या आणि व्हॉल्यूम, म्हणजे चारही डिस्क मिळून बनलेली साठवणीची जागा, कोसळला.

इथेही सगळं संपलं नव्हतं. नॅस बंद करून, काढलेली डिस्क तिच्याच बेमध्ये ठेवून जाणकाराला बोलावलं असतं तर डेटा निघण्याची चांगली शक्यता होती. पण स्क्रीनवर नवा व्हॉल्यूम बनवण्याचं बटण दिसलं आणि त्याने ते दाबलं. यूएसबी डिस्कवर बॅकअप लावलेला होता, पण ती डिस्क कधीच भरली होती. तेव्हापासून बॅकअप रोज फेल होत होता आणि ते कळवणारा ईमेल कुणी सुरूच केला नव्हता. ज्यांचे अल्बम व्हायचे होते अशा लग्नांचे मूळ फोटो गेले. मी पोचलो तेव्हा त्या घरांना फोनवर काय सांगायचं हे मालक एका वहीत लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कुणी काही दाखवलंच नव्हतं.

त्यामुळे माझ्या सवयी ठरलेल्या आहेत. डिस्क ट्रेमध्ये बसवतानाच तिच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक छोट्या स्टिकरवर लिहून ट्रेच्या पुढच्या बाजूला चिकटवतो. डिस्क काढायची वेळ आली की सॉफ्टवेअरमध्ये सीरियल नंबर बघायचा, स्टिकर बघायचं, दोन्ही जुळले तरच हात लावायचा. बेच्या नंबरावर कधीच विसंबायचं नाही. दुसरं, बॅकअप फेल झाल्याचा आणि डिस्क बिघडल्याचा ईमेल पहिल्याच दिवशी लावायचा आणि चाचणीचा मेल मालकांच्या फोनवर आलेला डोळ्यांनी बघूनच उठायचं.

तिसरं, यूएसबी डिस्क दोन घ्यायच्या. एक नॅसला लावलेली आणि दुसरी मालकांच्या घरी, दर आठवड्याला अदलाबदल. पुण्यातल्या ऑफिसांना मी गुरुवार सांगतो. देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद असण्याची शहराला सवय आहे, त्यामुळे वार लक्षात राहतो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केला. ज्यांचं पोट फोटोंवर आहे त्यांनी तरी तो मनावर घ्यावा.

आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळी फाइली जशा होत्या तशा जपणाऱ्या नोंदी, सुरू करा. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर ते फुकट मिळतात. मी दिवसा दर तासाचा आणि रात्रीचा एक असे ठेवतो, रात्रीचे महिनाभर. "काल दुपारी एक्सेल शीट कुणीतरी बिघडवली" ही ऑफिसातली सगळ्यात नेहमीची तक्रार, ती त्याने दोन मिनिटांत सुटते. मात्र स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, त्यामुळे घरी नेलेल्या डिस्कची जागा ते घेत नाहीत.

बॅकअप परत आणून बघितला नसेल तर तो बॅकअप मी धरतच नाही. महिन्यातून एकदा कुठलीही एक जुनी फाइल बॅकअपमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर आणा आणि उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळणाऱ्यांकडे मी सबब म्हणून फक्त "वेळ नाही" एवढंच ऐकलं आहे. हिशेबाचा डेटा असेल तर कायदाही मागे आहे. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. हिशेबाची पुस्तकं कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या कंपन्यांना ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो.

केबलमधल्या चार तारा

"नॅस स्लो आहे" म्हणून बोलावलं की मी नॅसकडे बघतच नाही, आधी वायर बघतो. एका ऑफिसात आर्किटेक्ट बाईंनी स्लो चालतो म्हणून हार्ड डिस्क काढून महागड्या एसएसडी टाकल्या होत्या. वेग जराही वाढला नाही. कॉम्प्युटरवर नेटवर्कची माहिती उघडली तर लिंक स्पीड १०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. भिंतीतून आलेल्या केबलचा प्लग काढून उजेडात धरला. पारदर्शक प्लगमध्ये आठ खाचा असतात. त्यातल्या १, २, ३ आणि ६ या खाचांतच तारा होत्या, केशरी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी मागेच कापून टाकलेली. भिंतीतली केबल कॅमेरे लावणाऱ्या माणसाने ओढली होती. १०० एमबीपीएसच्या कॅमेऱ्याला चार तारा पुरतात, म्हणून तो तेवढ्याच बसवतो. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र आठही तारा लागतात.

फरक केवढा पडतो बघा. १०० एमबीपीएसवर सेकंदाला ११ ते १२ एमबी जातात, गिगाबिटवर ११० च्या आसपास. १०० जीबीचा प्रोजेक्ट एकीकडे अडीच तास घेतो, दुसरीकडे पंधरा-वीस मिनिटं. प्लग कापून आठ तारांचा नवा बसवला, दुसऱ्या टोकालाही तेच केलं आणि बाईंचं काम झालं. एसएसडींची गरजच नव्हती.

म्हणून वायरिंगवाल्याला आधीच सांगा: दोन्ही टोकांना आठ तारा, आणि टेस्टर लावून दाखव. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले पाहिजेत. केबल घेताना तार ब्लेडने थोडी खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या दुकानात काय, हा स्वस्त माल सर्रास मिळतो. लांब अंतरावर तो दगा देतो आणि प्लगजवळ वाकवला की तुटतो. भिंतीत एकदा गेलेली केबल पुन्हा कुणी काढत नाही, तिथे पैसे वाचवू नका. स्विचही बघून घ्या. कॅमेऱ्यांसोबत आलेले बरेच पीओई स्विच (केबलमधूनच वीज देणारे) कॅमेऱ्यांच्या पोर्टवर १०० एमबीपीएसचेच असतात. नॅसची केबल त्यात खोचायची नाही.

बाहेरून बघता यावं म्हणून दार उघडं टाकणं

कुठलातरी व्हिडिओ बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करणारे, म्हणजे इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंत वाट उघडणारे उत्साही लोक मला काळजीत टाकतात. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या नॅसमधल्या फाइली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिप फाइलींमध्ये कोंबल्या. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने त्याच कंपनीच्या नॅसना गाठलं आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या माय बुक लाइव्ह खोक्यांवरचा डेटा जगभरात दुरूनच पुसला गेला. त्यांचं सॉफ्टवेअर २०१५ नंतर अपडेटच झालं नव्हतं.

मी टेलस्केल, म्हणजे बाहेरून नॅसपर्यंत खासगी वाट बनवणारं सॉफ्टवेअर, लावतो आणि राउटरमध्ये एकही पोर्ट उघडत नाही. तसंही आपल्याकडच्या अनेक फायबर कनेक्शनला स्वतःचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, ती सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांना एकच आयपी वाटून देणाऱ्या व्यवस्थेच्या मागे असतात, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड करून काही होतच नाही आणि लोक दोन दोन रात्री राउटरशी झटत बसतात. टेलस्केल सीजीनॅटमागूनही चालतं. राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, ते तुम्हाला न विचारता पोर्ट उघडतं. मुलगा न्यू जर्सीत आणि नॅस आईबाबांच्या डोंबिवलीच्या घरी, अशी मांडणी हल्ली खूप दिसते. तिथे तर हे सगळं पहिल्या भेटीतच नीट करून जावं, कारण नंतर फोनवरून आईला राउटर रीसेट करायला लावणं कुणाच्याच हिताचं नसतं.

बाकीच्या, थोडक्यात

डिस्क घेताना सीएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवता लिहिणारी) आहे ना, हे मॉडेल नंबरवरून तपासा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने खास नॅससाठी म्हणून विकलेल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) निघाल्या आणि त्याआधी ग्राहकांना हे सांगितलेलं नव्हतं. एसएमआर डिस्क एरवी बरी चालते, पण मेलेल्या डिस्कच्या जागी बसवून रेड पुन्हा बांधायला घेतलं की तासांच्या जागी दिवस लागतात.

घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असं म्हणू नका. बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगू शकत नाही. यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या, केबल नॅसला जोडा आणि एकदा मेन स्विच बंद करून नॅस आपणहून नीट बंद होतो का ते बघा.

टॅलीचा डेटा नॅसवर ठेवलात तर त्यावर काम करणारा प्रत्येक कॉम्प्युटर केबलवर पाहिजे. वाय-फाय मध्येच तुटलं की डेटा खराब व्हायची वेळ येते, आणि ती नेमकी रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात येते.

नॅसचा आयपी राउटरमध्ये राखीव करून ठेवा. नाहीतर एक दिवस वीज जाऊन येते आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नॅस म्हणून दिसणारा झेड ड्राइव्ह गायब होतो.

सगळ्यांना ॲडमिनचा एकच पासवर्ड देऊ नका. प्रत्येकाचं वेगळं खातं करा, आर्टिकलशिपच्या मुलांना पगाराचं फोल्डर दिसता कामा नये. पासवर्डशिवायचा पाहुणा लॉगिनही नको. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीने तो बंदच केला आहे. "नवा लॅपटॉप नॅस उघडत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तेव्हा लॅपटॉपची सुरक्षा ढिली करायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, खातं बनवा. जुन्या प्रिंटरच्या स्कॅनसाठी एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली वाटण्याची जुनी पद्धत) सुरू करा म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअर त्याच वाटेने पसरलं होतं.

नॅस माळ्यावर किंवा दार बंद असलेल्या लाकडी कपाटात ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर अजिबात नको. डिस्कचं तापमान चाळिशीच्या फार वर जात असेल तर मी जागा बदलायला लावतो.

४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते. फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

राहिला पहिला आठवडा. डिस्क आल्या आल्या त्यावर डेटा ओतायची घाई सगळ्यांनाच असते. मी आधी प्रत्येक डिस्कची एक्स्टेंडेड स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःचीच केलेली सविस्तर तपासणी) लावतो. मोठ्या डिस्कला ती रात्रभर किंवा त्याहून जास्त चालते, चालू द्या. डिस्कचे चालू तासही बघा, नव्या म्हणून विकलेल्या डिस्कवर ते हजारांत दिसले तर त्याच दिवशी दुकानदाराकडे परत न्या. मग डेटा कॉपी करा, फोल्डरांच्या आकाराची आणि फाइलींच्या संख्येची तुलना करा, आठवडाभर काम नॅसवरून चालवा. ज्या जुन्या डिस्कवरून डेटा आणला ती फॉरमॅट करून भाच्याला गेमसाठी देऊ नका. तिच्यावर तारीख लिहून निदान सहा महिने ती बाजूला ठेवा.