मुलासाठी गेमिंग पीसी: आधी काय घ्यावं, काय मागे ठेवावं

दहावीचा निकाल किंवा दिवाळी जवळ आली की अनेक घरांत गेमिंग पीसीची मागणी पुढे येते. यूट्यूब बघून मुलाची यादी तयारच असते, तिची बेरीज लाखाच्या वर जाते आणि आई-बाबांना त्यातलं अर्धं कळत नाही. मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आय-७ गेमिंग पीसी, फक्त पंधरा हजार’ अशी जाहिरात पाठवतं. बजेट पन्नास हजारांच्या आसपास असेल तर दोन्ही सोडा. पैसे दोन टप्प्यांत खर्च करा. पहिल्या टप्प्यात पाया चांगला घ्यायचा आणि प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर खेळायला लागायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारा स्वतंत्र भाग) नंतर घ्यायचं, तेही खरंच अडलं तर.

खेळणार काय, हे आधी विचारा

मुलाला बसवून पाच गेमची नावं लिहून घ्या. माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, व्हॅलोरंट अशी यादी आली तर सुटलात, हे सगळं कार्डाशिवाय चालतं. जीटीए ५ सुद्धा सेटिंग खाली आणून चालतो, फक्त तो अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. ‘सगळे खेळतात’ हे उत्तर ऐकून घ्या, पण निर्णय तुमचा. सायबरपंक २०७७ सारखा गेम यादीत पहिला असेल तर कार्ड लागेलच. आणि यादीत फक्त बीजीएमआय असेल तर थांबा. तो मोबाईलचा गेम आहे, त्यासाठी पीसी घेऊन काही साधणार नाही.

स्वस्त जाहिरातीत काय असतं

‘आय-७’ हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव पिढी सांगत नाही. पंधरा हजारांच्या त्या डब्यात बहुतेक वेळा आय-७ २६०० निघतो, म्हणजे २०११ चा प्रोसेसर. २०२२ चा साधा आय-३ १२१०० त्याच्या कितीतरी पुढे आहे. जाहिरातीत पूर्ण मॉडेल नंबर दिला नसेल तर विचारा, आणि तरीही मिळाला नाही तर पुढे चला.

जुन्या प्रोसेसरची खरी अडचण वेगापेक्षा विंडोजची आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट तर टीपीएम आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरने मशीन सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्याशिवाय उघडतच नाही. दुकानदार जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देईलही, पण मुलगा घरी येऊन पहिला तोच गेम उघडणार.

कार्डांतही अशीच चलाखी असते. ‘४ जीबी गेमिंग कार्ड’ म्हणून जीटी ७३० विकतात. ते २०१४ चं आहे आणि आजच्या प्रोसेसरमधलं फुकटचं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा बरं चालतं. आरएक्स ५८० स्वस्तात दिसलं तर पुढे ‘२०४८ एसपी’ लिहिलंय का बघा. ते नावाला ५८० असतं, आतून ५७०.

पहिला टप्पा: पाया

प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी घ्या. सहा कोर, बारा थ्रेड, आत व्हेगा ग्राफिक्स आणि खोक्यात कूलर. शेवटचा ‘जी’ महत्त्वाचा. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, इंटेलच्या ‘एफ’वाल्या मॉडेलमध्येही नाही, त्यामुळे ते घेतले तर कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळीच. यापेक्षा ८६००जी बराच ताकदवान आहे, शिवाय तो एएम ५ सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) बसतो आणि त्या सॉकेटवर २०२७ पर्यंत व पुढेही साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलंय. पण त्याला डीडीआर ५ ही नव्या पिढीची रॅमच लागते (५६००जीला आधीची डीडीआर ४ चालते), आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. बजेट ताणता येत असेल तर ८६००जी, नाहीतर ५६००जी घेऊन वाईट वाटायचं काहीच कारण नाही.

मदरबोर्ड ए५२० किंवा बी५५० चा. बी४५० स्वस्त मिळत असेल तर ‘बायोस अपडेट करून द्या, ५६००जी उचलला पाहिजे’ असं दुकानातच सांगा; बायोस म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर.

रॅम १६ जीबी, पण ८ च्या दोन पट्ट्या. इथे दुकानदार हमखास १६ ची एकच पट्टी देतो, ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून. वेगळ्या कार्डाच्या मशीनला ते एकवेळ चालेल. आपलं ग्राफिक्स मात्र रॅममधूनच काम भागवतं, आणि एका पट्टीवर गेमचा वेग चांगलाच पडतो. वापरलेली डीडीआर ४ रॅम मिळाली तर घ्यायला हरकत नाही, रॅम सहसा खराब होत नाही. घरी आणल्यावर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवून बघितलं की झालं.

एसएसडी (विंडोज आणि गेम साठवणारा भाग) एनव्हीएमई प्रकारची, किमान ५०० जीबी. मोठे गेम आता एकेकटे शंभर जीबीच्या पुढे जातात, म्हणून जमलं तर १ टीबी.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग. बजेट कमी पडलं की पहिली कात्री इथेच लागते, आणि ती नेमकी चुकीच्या जागी लागते. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या किंवा सातशे-आठशेच्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं. त्या छापण्याला काही अर्थ नाही. आज मशीन शंभर-दीडशे वॉट खाईल आणि तोही निभावून नेईल. उद्या कार्ड लावलं, गेममध्ये लोड वाढला की मशीन मध्येच बंद पडायला लागतं, आणि जळताना हा भाग कधीकधी बोर्डालाही सोबत नेतो. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ या वीजबचतीच्या प्रमाणपत्राचा, तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. त्याला ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनची वायर आहे ना, तेही बघा. दोन हजार इथे जास्त गेले तर जाऊ द्या आणि रंगीत दिव्यांच्या पंख्यांमधून काढा. काचेचं कॅबिनेट दिसायला छान असतं हे खरं, पण पुढचा भाग जाळीचा असलेलं घेतलं तर आपल्या मे महिन्यात मशीन गार राहतं.

मॉनिटर २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा, १०० हर्ट्झचा (सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा) पुरे.

तरीही जमत नसेल तर

ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकलेले) मिळतात. आय-५ ८५०० किंवा त्यापुढचा बघा, आधीचा नको. यात मोठ्या टॉवरचा मिळाला तर उत्तम. चपट्या मॉडेलमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो आणि बाजारातला दुसरा बसत नाही. अशा मशीनला आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं, कमी उंचीचं मॉडेल चालतं, कारण ते ७० वॉट घेतं आणि तेवढी वीज बोर्डाच्या स्लॉटमधूनच मिळते.

खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. एकाच दुकानात जाऊन ‘तुम्हीच चांगलं बसवून द्या’ म्हणू नका. वर लिहिलेली यादी मॉडेल नंबरासकट तीन-चार दुकानांना व्हॉट्सअ‍ॅप करा आणि प्रत्येक भागाचा वेगळा भाव मागवा. एकत्र आकडा देणारा कुठेतरी एसएमपीएस बदलणार असतो. ऑनलाइन भाव हाताशी ठेवा, दुकानदारही तोच बघून बोलतो.

प्रोसेसर ‘ट्रे’ देऊ का, असं विचारतील. म्हणजे खोक्याशिवायचा. स्वस्त पडतो, पण कूलर वेगळा घ्यावा लागतो आणि वॉरंटी सहसा दुकानाच्या शब्दावर असते. मी खोक्यातलाच घेईन. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि सगळी खोकी माळ्यावर टाका. वॉरंटीच्या वेळी तीच लागतात.

जोडणी

दुकानदार जोडून देतो, पण रविवारची दुपार काढून मुलासोबत घरीच जोडा. एक फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. पंखा बंद, फरशीऐवजी टेबलावर, आणि अधूनमधून कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. सॉकेटशेजारची दांडी उचला, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर नुसता सोडा. तो आपोआप खाली बसतो. ५६००जीच्या पोटाला बारीक पिना असतात, बोटाने दाबलं की वाकतात. बसल्यावर दांडी खाली.

कूलर लावण्याआधी बोर्डावरच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढायच्या असतात. त्यांचे स्क्रू काढले की मागची धातूची पाटी खाली पडते, म्हणून एकाने ती मागून धरायची. हे काम मुलाला द्या. कूलरच्या तळाला पेस्ट आधीच लावलेली असते, तिला हात लावू नका. चार स्क्रू आलटून पालटून तिरपे आवळा, एकदम एकच घट्ट नको. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर.

रॅमच्या चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. दोन्ही बाजूंनी ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबा. इतका जोर लावायचा का, अशी भीती वाटते, पण लावायचा. एसएसडी तिरपी आत सरकवा, खाली दाबून छोटा स्क्रू लावा. मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी वेगळी आली असेल तर ती बोर्डाच्या आधी कॅबिनेटला बसवा. हे विसरलं की सगळं पुन्हा उचकटावं लागतं. मग बोर्ड पितळी स्टँडऑफवर (कॅबिनेटमधल्या छोट्या खुंट्या) ठेवून स्क्रू लावा.

एसएमपीएसच्या वायरी दोन: मोठी २४ पिनची आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनची. दुसरी राहिली तर पंखे फिरतात पण स्क्रीनवर काही येत नाही. समोरच्या बटणाच्या बारीक वायरी बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र बघून लावा.

चालू झाल्यावर

डिलीट दाबत बायोसमध्ये जा. एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये यूएमए फ्रेम बफर (ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम) २ जीबी करा. सिक्युअर बूट आणि एफटीपीएम (एएमडीचं टीपीएम) चालू आहेत का बघा. एएम ५ चं (८६००जीचं) मशीन पहिल्यांदा काही मिनिटं काळं राहतं, घाबरून बंद करू नका.

विंडोजचं क्रॅक केलेलं रूप दुकानदार फुकट टाकून देतो. नको म्हणा. मूळ विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घेता येतं. एएमडीचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ६० चे १०० हर्ट्झ करा. मुलाचं खातं वेगळं काढा, अ‍ॅडमिन तुम्हीच राहा, मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीमध्ये वेळ आणि खरेदीची परवानगी बांधून टाका. तुमचं कार्ड किंवा यूपीआय गेमच्या खात्यात साठवू नका. गेम विकत घ्यायची घाईही नको, एपिक गेम्सच्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी नवा फुकट गेम येतो.

वीज जात-येत असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस या टप्प्याला पुरतो. तो साधारण ३६० वॉट देतो, तेही काही मिनिटं. गेम सेव्ह करून बंद करायला तेवढं बस. तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे मात्र वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर ते नाहीये.

दुसरा टप्पा: कार्ड

यादीतला एखादा गेम सेटिंग अगदी तळाला नेऊनही अडखळत असेल तेव्हाच कार्ड बघा. ५६००जी पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे, म्हणजे कार्डाशी जोडणारा त्याचा रस्ता जुन्या पिढीचा आहे. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं त्या रस्त्याच्या चारच लेन वापरतात आणि इथे त्यांचा वेग आणखी पडतो, म्हणून ती टाळा. आठ लेनची आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ५०५० घ्या. दोघांनाही १३० वॉटच्या आसपास लागतात, आपल्या एसएमपीएसला हे जड नाही. आरटीएक्स ३०५० पूर्ण मापाच्या मशीनसाठी बघत असाल तर ८ जीबीचं बघा. ६ जीबीचं नाव तेच असलं तरी ताकदीने कमी आहे.

वापरलेलं कार्ड घेताना ते समोर चालवून बघा, अर्धा तास गेम लावा, पंख्यांचा आवाज ऐका, तापमान बघा. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवणं) बंद झालं आणि तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली अजून हातोहात फिरतायत. बिल आणि वॉरंटी शिल्लक असेल तरच भावाचं बोला.

कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला, आणि मुलगा म्हणतोय की काहीच फरक पडला नाही? पीसीच्या मागे बघा. मॉनिटरची वायर अजून वर मदरबोर्डाच्या पोर्टला असेल. ती काढून खाली कार्डाच्या पोर्टला लावा.