गाणी ऐकायला मोबाइल पुरे की वेगळा प्लेअर घ्यावा?

गेल्या वर्षी आईसाठी म्युझिक प्लेअर घ्यायचं मनात आलं, तेव्हा ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरात पहिला प्रश्न आला, "घरात तीन-तीन मोबाइल पडलेत, अजून एक यंत्र कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते क्रमाने सांगते.

१. तुमची गाणी नेमकी कुठे आहेत?

सगळा निर्णय इथेच अर्धा होतो. ॲपमध्ये डाउनलोड केलेलं गाणं आपल्या मोबाइलमध्ये आलं असं वाटतं, पण ते कुलूपबंद असतं. त्या ॲपबाहेर वाजत नाही, वर्गणी थांबली की गप्प होतं. स्पॉटिफायवर तर डाउनलोड टिकवायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. तुमचं सगळं ऐकणं असं ॲपवर असेल, तर साध्या प्लेअरचा नाद सोडा. ॲप चालणारे प्लेअर मिळतात, पण ते महाग असतात.

उलट सीडीवरून उतरवलेली नाट्यगीतं, जुन्या कॅसेटवरून भरून घेतलेली कीर्तनं, गाण्याच्या बाईंनी रियाजासाठी दिलेलं रेकॉर्डिंग अशी स्वतःची साठवण असेल, तर प्लेअरला खरा अर्थ आहे. जागेची चिंता नको. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे साधारण दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर ५०० तासांहून जास्त मावतं. ३२० केबीपीएसला, म्हणजे वरच्या दर्जाला तेच २२० तासांच्या आसपास येतं.

२. दिवसभरात मोबाइल किती राबतो?

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जाते. अर्ध्या तासाचा प्रवास, तेवढ्यासाठी मला मोबाइल पुरतो. पण ज्यांच्या मोबाइलची बॅटरी दिवसभर कामाच्या फोनमध्येच संपते, त्यांनी विचार करावा. संध्याकाळी बॅटरी संपली तर मोबाइलवरचं तिकीट दाखवता येत नाही, रिक्षावाल्याला यूपीआय करता येत नाही. अशा वेळी गाण्यांचा भार दुसऱ्या यंत्रावर टाकणं शहाणपणाचं. रियाज किंवा अभ्यास करणाऱ्यांना तर मी प्लेअरच सुचवेन. तानपुरा लावून बसावं आणि मध्येच सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा मेसेज यावा, यात सूर मोडतो तो मोडतोच.

३. दुकानात रिकाम्या हाताने जाऊ नका

आपले इअरफोन आणि आपल्याच फाईल भरलेलं मेमरी कार्ड बरोबर न्या. त्या कार्डात तीन गोष्टी मुद्दाम ठेवा: मराठी नावाची एक फाईल, तासाभराचं एक रेकॉर्डिंग आणि १०-१२ गाण्यांचा एक फोल्डर.

मराठी नाव का? स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात. मग अभंग कुठला आणि भावगीत कुठलं हे कळायला प्रत्येक गाणं वाजवून बघावं लागतं. असा प्लेअर आवडलाच, तर फाईलींची नावं रोमन लिपीत करून घ्यायची तयारी ठेवा.

लांब रेकॉर्डिंगची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. कीर्तन चाळीसाव्या मिनिटापर्यंत पुढे न्या, यंत्र बंद करा, पुन्हा चालू करा. आम्ही पाहिलेला पहिला प्लेअर दिसायला देखणा होता, पण दर वेळी थेट नमनापासून सुरू व्हायचा. आई एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं आख्यान कधी पूर्ण व्हायचंच नाही." तो तिथेच ठेवला. दुसरा जिथे थांबवला तिथूनच बोलू लागला, तो घेतला.

फोल्डरमधला क्रमही बघा. काही प्लेअर नावाप्रमाणे न वाजवता फाईल ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालून त्याच क्रमाने कॉपी केलं की अडचण येत नाही.

जुना आयपॉड, म्हणजे ॲपलचा म्युझिक प्लेअर, कोणी देऊ केला, तर मोह आवरा. ॲपलने तो मे २०२२ मध्ये बंद केला. जुन्या यंत्राची बॅटरी थकलेली असते आणि ती बदलणं घरचं काम नाही.

४. कार्ड तपासून घ्या

इथे मी स्वतः फसले. रस्त्यावरच्या एका टपरीवरून १२८ जीबीचं कार्ड स्वस्तात घेतलं. भरलं, नावं सगळी दिसली, पण पहिली काही सोडली तर एकही फाईल वाजेना. कार्ड मुळात लहान क्षमतेचं होतं, नुसता आकडा फुगवलेला. कॉम्प्युटरवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो, तो कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतो. वेळ लागतो, पण बिल हातात असताना हे करून घ्याच. मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत मात्र कायम घरच्या कॉम्प्युटरवर राहू द्या.

५. खर्चाआधी कपाट उघडा

ड्रॉवरमध्ये पडलेला जुना मोबाइल हाही प्लेअरच आहे. त्यातला महत्त्वाचा डेटा काढून घ्या, फॅक्टरी रीसेट करा (म्हणजे सगळं पुसून टाका), सिम काढा, व्हीएलसी हे मोफत ॲप टाका आणि मग फ्लाइट मोड लावा. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची, म्हणजे एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवायची सोय असेल तर तीही लावा, म्हणजे चुकून बोट लागून भलतंच काही उघडत नाही. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंगला लावूच नका, सरळ ई-कचऱ्यात द्या.

आवाजाचं एक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. आवाज वाढवला की बरेच मोबाइल इशारा देतात, साधे प्लेअर बहुधा देत नाहीत. लोकलच्या खडखडाटात तर आवाज नकळत वाढतो.

मोबाइल आमच्या आईला चालला नसता, कारण तिला रात्री झोप लागत नाही. पहाटे तीनला दिवा न लावता, चष्मा न शोधता तिला काहीतरी ऐकायचं असतं. आता उशीशेजारी तो प्लेअर असतो. मधल्या बटणावर मी नेलपॉलिशचा एक जाड ठिपका दिलाय, अंगठा तिथे गेला की तिला कळतं, आणि कीर्तन काल थांबलं होतं तिथून सुरू होतं.