ड्रोनने चुंबकीय सर्व्हे करताना या चुका टाळा

मॅग्नेटिक सर्व्हे म्हणजे ड्रोनला टांगलेल्या सेन्सरने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओळीओळीने (या ओळी म्हणजे ‘लाइनी’) मोजायचं आणि त्यातल्या फरकांवरून जमिनीखालच्या खडकाचा नकाशा काढायचा. हा नकाशा बिघडला की सगळे आधी सेन्सरवर संशय घेतात. सेन्सर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड असतो वेळेच्या रकान्यात, बेस स्टेशनच्या (जमिनीवर ठेवलेला दुसरा सेन्सर, क्षेत्राचा दिवसभरातला चढउतार वजा करण्यासाठी) जागेत आणि फाइल कुणी कशात उघडली यात. पुढच्या चुका नाशिक, दिंडोरी, निफाड, त्र्यंबक या भागात काम करणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत, कारण इथला बेसाल्ट (लाव्हापासून बनलेला काळा कातळ) आणि इथली शेती दोन्ही या कामात आपापली भर घालतात.

तीन घड्याळं, तीन वेळा

सर्वांत महाग पडणारी चूक ही. एका सर्व्हेत तीन घड्याळं चालू असतात: ड्रोनचं, सेन्सरच्या लॉगरचं (वाचनं नोंदवणाऱ्या यंत्राचं) आणि जमिनीवरच्या बेस स्टेशनचं. एक भारतीय वेळ लिहितं, दुसरं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), तिसरं जीपीएस वेळ. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते हे सगळ्यांना पाठ असतं. जीपीएस वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे असते, आणि २०१७ पासून हा फरक तेवढाच आहे, हे मात्र बरेच जण विसरतात.

ड्रोन सेकंदाला १० मीटर जात असेल तर १८ सेकंद म्हणजे १८० मीटर. जाणारी लाइन एकीकडे सरकते, येणारी उलटीकडे, आणि शेजारच्या दोन लाइनींमध्ये ३६० मीटरचं अंतर पडतं. नकाशा करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, त्यामुळे ही चूक निदान पकडली तरी जाते. लॉगर ०.३ सेकंद मागे असेल तर सरक फक्त ३ मीटर, दोन्ही दिशा मिळून ६. ती रंगीत नकाशात दिसत नाही, पण डेरिव्हेटिव्ह (क्षेत्र किती झपाट्याने बदलतं त्याचे नकाशे) काढले की प्रत्येक अनॉमलीच्या (आसपासपेक्षा वेगळ्या वाचनाच्या जागेच्या) कडेला दातेरी रेघ उमटते आणि लोक तिलाच भेग समजून बसतात.

साडेपाच तासांची चूक आणखी फसवी. नाशिकला एकूण चुंबकीय क्षेत्र ४३ ते ४४ हजार नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) घरात आहे आणि शांत दिवशीही ते सकाळपासून दुपारपर्यंत वीस-तीस नॅनोटेस्लांनी हलतं. बेसची फाइल यूटीसीत आणि उड्डाणाची भारतीय वेळेत असेल, तर सकाळी ११ च्या वाचनातून दुपारी साडेचारचं बेसचं वाचन वजा होतं. सॉफ्टवेअर काहीही कुरकुर करत नाही. नकाशात मात्र दोन उड्डाणांच्या सीमेवर सरळ पायरी तयार होते.

इलाज साधा आहे. तिन्ही यंत्रं यूटीसीवर ठेवा आणि फायलीच्या नावातही यूटीसी लिहा. रोज पहिल्या उड्डाणाआधी ड्रोनचा सेन्सर आणि बेसचा सेन्सर दोन-तीन मीटरवर ठेवून मधून एक लोखंडी पाना दोनदा न्या आणि वेळ वहीत लिहा. दोन्ही लॉगमध्ये पान्याची उसळी एकाच सेकंदाला आली पाहिजे. मग एखाद्या उभ्या गाडीवरून एकच लाइन, एकाच उंचीवर, दोन्ही दिशांनी उडवा. गाडीची अनॉमली दोन्ही वेळा एकाच जागी आली नाही तर लॅग (वेळेचा फरक) काढून मगच कामाला लागा. हे सगळं वीस मिनिटांत होतं. एवढा धीर नसेल त्याने सर्व्हे हाती घेऊ नये.

‘बेसाल्ट आहे, बेस कशाला?’

नवशिक्यांचं हे आवडतं वाक्य. इथल्या बेसाल्टचा सिग्नल शेकडो नॅनोटेस्लांचा, मग वीस-तीसची फिकीर कशाला, असा हिशोब. पण शेकड्यांचा सिग्नल जमिनीलगतच्या खडकाचा असतो. आपण शोधतो तो डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या वितळलेल्या खडकाची उभी भिंत) किंवा भेगाळलेला पट्टा त्यातलाच बारीक फरक असतो, आणि तो नेमका वीस-तीस नॅनोटेस्लांच्या पट्ट्यापट्ट्यांत हरवतो.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली. विजेचा प्रवाह मोजणी कशी नासवतो हे तेव्हाच्या लोकांनी आधीच ओळखलं होतं. आज बेस स्टेशन शेतातल्या डीपीखाली सावली आहे म्हणून ठेवलं जातं, याचं खरंच वाईट वाटतं. अलिबागच्या नोंदी पडताळणीसाठी आणि वादळी दिवस ओळखण्यासाठी उत्तम, पण ते ठिकाण नाशिकहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. स्वतःच्या बेसला तो पर्याय नाही.

जागा निवडताना सेन्सर एक-एक मीटर चारही बाजूंना सरकवून पाहा. बेसाल्टच्या उघड्या खडकावर मीटरभरात शेकडो नॅनोटेस्लांचा फरक पडू शकतो. अशी जागा सोडा. डोंगरमाथाही नको, विजा पडून तिथला खडक जागोजागी जबर चुंबकित झालेला असतो. मोकळं माळरान, सेन्सर बांबूवर किंवा पीव्हीसी पाइपवर दोन-तीन मीटर उंच, आणि गाडी निदान १०० मीटर लांब. टनभर वजनाची गाडी १० मीटरवर साधारण ४० नॅनोटेस्ला दाखवते, ३० मीटरवर एखादा. अंतर दुप्पट केलं की परिणाम आठवा हिस्सा उरतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. बेसचं वाचन दर सेकंदाला घ्या. १० मे २०२४ च्या रात्रीसारखं मोठं चुंबकीय वादळ सुरू असेल तर उडवूच नका, कोणतंही करेक्शन तेवढं सांभाळून घेत नाही.

एक्सेल

कच्ची फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणं ही अशी चूक आहे की ती पुन्हा दुरुस्त होत नाही.

दिंडोरी भागातल्या एका सर्व्हेत हे घडलं. सेन्सर सेकंदाला १,००० वाचनं घेणारा, उड्डाण २० मिनिटांचं. म्हणजे १२ लाख ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपेक्षा जास्त बसत नाहीत. उघडताना सूचना येते, घाईत ती बंद केली जाते. टेकऑफचा भाग कापायचा म्हणून फाइल उघडली, कापली, सेव्ह केली, आणि प्रत्येक उड्डाणाची शेवटची अडीच मिनिटं गेली. सेकंदाला ८ मीटर वेगाने हा सव्वा किलोमीटरच्या आसपास लाइनीचा तुकडा. ग्रिड (लाइनींवरून काढलेलं आकड्यांचं चौकटीचं जाळं) बनवताना सॉफ्टवेअरने ही रिकामी जागा शेजारच्या आकड्यांवरून गुळगुळीत भरली. नकाशात एक ठळक डाइक त्या जागेपाशी येऊन थांबलेला दिसला आणि अहवालात तिथे फॉल्ट (खडक सरकलेली भेग) आखला गेला.

दुसरा घाव वेळेच्या रकान्यावर. ११:४२:०७.३१८ ही वेळ एक्सेलने ४२:०७.३ अशी दाखवली आणि सीएसव्हीत तशीच लिहिली. तास गेला, हजारांश गेले. आता बेसशी जुळवणी कशी करणार? मूळ फाइल कार्डवर मिळाली असती, पण पुढच्या उड्डाणासाठी कार्ड फॉरमॅट करून टाकलं होतं. शेवटी सगळ्या लाइनी पुन्हा उडवाव्या लागल्या.

म्हणून कार्डवरून उतरलेली फाइल लगेच दोन ठिकाणी कॉपी करा, एका प्रतीला ‘रीड-ओन्ली’ करा आणि कापाकापी पायथनमध्ये किंवा सर्व्हेच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. दोन्ही प्रती दुसऱ्या यंत्रावर उघडून ओळी मोजल्याशिवाय कार्ड पुसू नका. फक्त डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक्सेल चालेल, सेव्ह न करता बंद करा.

द्राक्षबागेची चौकोनी अनॉमली

निफाड-दिंडोरीत सर्व्हे म्हणजे द्राक्षबागांवरून उड्डाण, आणि बाग म्हणजे मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा. ओळींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर असतं, त्यामुळे ३० मीटर उंचीवरून एकेक ओळ दिसत नाही. तिचा सिग्नल दहा मीटरवरच विरलेला असतो. दिसतो तो अख्खा प्लॉट, एक डाग आणि त्याच्या कडा. त्या कडा गटाच्या बांधाशी जुळतात. भूगर्भात काटकोनी रचना क्वचितच असते, तेव्हा चौकोनी अनॉमली दिसली की आधी उपग्रह चित्र उघडा. कांदा चाळीची लोखंडी जाळी, शेततळ्याचं तारेचं कुंपण, बोअरचं लोखंडी केसिंग, पत्र्याचं शेड यांची जीपीएस नोंद उड्डाणाच्या दिवशीच घेत चला. ऑफिसात बसून ती यादी पूर्ण होत नाही.

वीजवाहिन्यांचं दुखणं निराळं. सेकंदाला १० वाचनं घेतली तर विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट शून्यावर दुमडतो, म्हणजे प्रत्येक वाचन लाटेच्या एकाच बिंदूवर पडतं, आणि नाहीसा झाल्यासारखा वाटतो. विजेची फ्रिक्वेन्सी ४९.९ झाली की तोच १० सेकंदांची संथ लाट बनतो. सेकंदाला १० मीटर वेगाने ती लाट १०० मीटर लांबीची, अगदी डाइक शोभेल अशी. म्हणून ५०० किंवा १,००० हर्ट्झने नोंद घ्या, ५० हर्ट्झ गाळा, मगच वाचनं कमी करा. शेतीला थ्री फेज कधी असते ते गावात विचारून घ्या. मोटारी बंद असतानाचं उड्डाण नेहमीच स्वच्छ येतं.

बाकीच्या, थोडक्यात

लाइनींमधलं अंतर सेन्सरच्या खडकापासूनच्या उंचीच्या दुपटीहून जास्त नको. इथे खडक जमिनीलगत आहे, म्हणजे ३० मीटर उंचीला फार तर ६० मीटर. बॅटरी वाचवायला १०० मीटरवर उडवलेल्या लाइनींतून सुंदर नकाशा निघतो, तो ग्रिडिंगने कल्पिलेला असतो.

टाय लाइनी (मुख्य लाइनींना आडव्या छेदणाऱ्या, पडताळणीच्या) गाळू नका.

त्र्यंबक-अंजनेरीकडे उंचीचा संदर्भ तपासल्याशिवाय ड्रोन वर जाऊ देऊ नका. आपल्याकडे एलिप्सॉइडवरची (जीपीएस वापरतं त्या गणिती पृथ्वीगोलावरची) उंची समुद्रसपाटीवरच्या उंचीपेक्षा साधारण ६० मीटरने कमी भरते. दोन्हींची गल्लत एका बाजूने झाली तर ड्रोन ४० ऐवजी १०० मीटरवर उडतो, दुसऱ्या बाजूने झाली तर कड्यावर आदळतो.

सेन्सर ड्रोनच्या पायांना बांधू नका. ३ ते ५ मीटर दोरीवर टांगा, वाऱ्यात हेलकावे घेत असेल तर थांबा.

पोल रिडक्शन (अनॉमली तिच्या स्रोताच्या थेट वर आणणारा फिल्टर) डोळे झाकून चालवू नका. नाशिकला चुंबकीय झुकाव (क्षेत्र क्षितिजाशी करतं तो कोन) ३० अंशांच्या आत आहे, त्यामुळे हा फिल्टर गोंगाटाला उत्तर-दक्षिण पट्ट्यांत फुगवतो. शिवाय डेक्कन ट्रॅपचा (इथल्या बेसाल्टच्या थरांचा) बराच भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीचं क्षेत्र उलटं असताना थिजला आणि ते चुंबकत्व अजून शाबूत आहे. जिथे उंचवटा हवा तिथे खड्डा दिसेल. ॲनॅलिटिक सिग्नलचा नकाशा (चुंबकत्वाच्या दिशेवर फारसा अवलंबून नसलेला) शेजारी ठेवून वाचा.

ओझरचं विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग जवळ आहे. लाइनी आखण्याआधी एअरस्पेस नकाशा पाहा. ‘शेतातच तर उडवतोय’ ही परवानगी नव्हे.

डेटा देताना

फक्त रंगीत पीडीएफ देणं म्हणजे डेटा देणं नव्हे. ग्रिडही पुरत नाही, त्यातून लाइनी परत मिळत नाहीत. कच्च्या फायली, बेसच्या फायली, करेक्शन केलेल्या लाइनी आणि ग्रिड अशा चार पायऱ्या स्वतंत्र फोल्डरमध्ये द्या. सोबतच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा: सेन्सरचा प्रकार, दोरीची लांबी, बेसची जागा आणि वजा केलेला आकडा, आयजीआरएफची, म्हणजे पृथ्वीच्या मूळ क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय मॉडेलची, कोणती आवृत्ती (२०२५ पासूनच्या सर्व्हेला १४ वी), कोणतं करेक्शन कोणत्या क्रमाने, आणि निर्देशक पद्धत (जागेचे आकडे कोणत्या पद्धतीतले). नाशिकसाठी डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर, ईपीएसजी कोड ३२६४३. अक्षांश-रेखांश दिलेत तर दशांशानंतर सहा अंक ठेवा. चारच ठेवले तर प्रत्येक बिंदू दहा-एक मीटरच्या चौकटीत ढकलला जातो. रिकाम्या जागी शून्य भरू नका, ग्रिडमध्ये त्याची ४३ हजारांची दरी होते. वापराची परवानगीही स्पष्ट लिहा, नाहीतर पुढचा माणूस डेटाला हात लावायला कचरतो.

गावातला डेटा असेल तर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि बोअरची नेमकी जागा सार्वजनिक फाइलमधून काढा. आणि गावाला नकाशा देताना स्पष्ट सांगा की यात पाणी दिसत नाही, खडकातले फरक दिसतात. एखादा डाइक पाणी अडवतो, भेगाळलेला असेल तर तोच पाणी वाहून नेतो. चुंबकीय नकाशा यातलं काय ते ठरवू शकत नाही. डाइकच्या दोन्ही बाजूंना रेझिस्टिव्हिटी साउंडिंग (जमिनीत वीज सोडून खोलीनुसार रोध मोजणं) घ्या, आजूबाजूच्या विहिरींची पाणीपातळी मोजा, त्यानंतरच बोअरची जागा दाखवा.