थडग्यातली तलवार: गेममधील अद्भुत जगाची साहित्याशी तुलना कशी करावी

व्हिडिओ गेममधील अद्भुत जगाची साहित्यातील अद्भुत परंपरेशी तुलना करायला बसलेला लेखक बहुधा यादीपासून सुरुवात करतो: एल्फ इथेही आहेत आणि तिथेही, ड्रॅगन इथेही आहे आणि तिथेही. अशी यादी कितीही लांबवली तरी दोहोंपैकी एकाविषयीही नवे काही हाती लागत नाही. म्हणून अख्खे जग तुलनेला घेऊ नये. दोन्हीकडे आढळणारा एकच प्रसंग निवडावा, तो कोठून आला याचा माग काढावा आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे पुढे काय होते ते पाहावे. येथे उदाहरणादाखल एक प्रसंग घेतला आहे: प्राचीन थडग्यात शिरणे, तिथल्या मृताशी सामना करणे आणि शस्त्र घेऊन बाहेर येणे. बेथेस्डा कंपनीच्या २०११ मधील ‘स्कायरिम’ या गेममध्ये तो वारंवार घडतो, जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५४ साली आलेल्या पहिल्या खंडात तो एकदाच घडतो.

पहिले काम वंशावळीचे. साम्य दिसले की उसनवारी ठरवून मोकळे होण्याची घाई करू नये. टोल्कीन यांच्या कथेत चार हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतले चौघे, टेकड्यांवरील थडग्यांच्या प्रदेशात सापडतात, तिथल्या दुष्ट शक्तीच्या तावडीतून टॉम बॉम्बाडिल हा रानातला गूढ, सामर्थ्यवान पुरुष त्यांना सोडवतो आणि त्याच थडग्यातले खंजीर त्यांच्या हाती देतो. ‘स्कायरिम’मध्ये नॉर्ड या तिथल्या लोकांच्या थडग्यांतून ‘ड्रॉगर’, म्हणजे चालते-फिरते मृत, उठतात. मात्र हा शब्द बेथेस्डाचा नाही आणि टोल्कीन यांचाही नाही. तो जुन्या नॉर्स भाषेतला आहे. आइसलँडमधील ग्रेत्तिरच्या सागेत (सागा म्हणजे जुनी गद्य वीरकथा) नायक ग्रेत्तिर कार नावाच्या मृताच्या थडग्यात उतरतो, त्याच्याशी झुंजतो आणि तिथले धन व एक आखूड तलवार वर आणतो. ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक असलेले टोल्कीन या सागा मूळ भाषेतून वाचत. तेव्हा कादंबरी आणि गेम यांचे नाते नुसते बाप-लेकाचे नाही. दोघेही एकाच आजोबांची नातवंडे आहेत.

या दोघांच्या मधे आणखी एक घर आहे, आणि तुलना करणारे नेमके तेच वगळतात. ते घर म्हणजे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यात ‘वाइट’ नावाचा थडग्यातला मृत आहे आणि त्याचा वार लागला की पात्राची एक पातळी कमी होते. टोल्कीन यांनी थंडी, अंधार आणि भारून टाकणारे गाणे यांतून उभी केलेली भीती येथे एका आकड्यात उतरली. ‘स्कायरिम’मधल्या ड्रॉगरांच्या एका प्रकाराला ‘ड्रॉगर वाइट’ असेच नाव आहे. कोणत्याही गेमची तुलना करताना वर्णनाचे नियमात रूपांतर नेमके कोठे झाले, हा प्रश्न विचारावाच.

उलट बाजूने एक सावधगिरीही हवी. पुरलेल्या धनावर बसलेला नाग आपल्याकडच्या गोष्टींतही आहे. पण तेवढ्यावरून नातेसंबंध जुळवू नये. भाषेचा, ग्रंथाचा किंवा लेखकाच्या वाचनाचा पुरावा असेल तरच ‘यावरून ते आले’ असे लिहावे, नाहीतर ‘हे त्यासारखे आहे’ एवढ्यावर थांबावे.

दुसरे काम टिपणांचे. कादंबरीचा वाचक लेखकाने ठरवलेल्या क्रमाने पुढे जातो, खेळाडूचा क्रम मात्र तो स्वतः ठरवतो. ‘स्कायरिम’च्या जगात शेकडो छोटी पुस्तके विखुरलेली आहेत, त्यांपैकी एकात ड्रॉगर आपल्या ड्रॅगन-पुरोहितांची अजूनही सेवा का करतात याचे स्पष्टीकरण आहे. ते वाचणाऱ्याला थडग्यात एक उपासनास्थळ दिसते, न वाचणाऱ्याला केवळ शत्रू दिसतात. म्हणून प्रत्येक माहितीसमोर ती कोठे मिळाली, मारामारीआधी की नंतर, आणि ती टाळता आली असती का, हे लिहून ठेवावे. थडग्यात शिरण्यापूर्वीचा एक सेव्ह, म्हणजे खेळाची जतन केलेली स्थिती, वेगळा राखावा, म्हणजे तेच थडगे दुसऱ्या क्रमाने पाहता येते.

यानंतर तलवारीकडे यावे, कारण सर्वांत मोठा फरक तिथेच आहे. टोल्कीन यांच्या खंजिराला इतिहास आहे: तो आंगमारच्या राज्याशी लढणाऱ्या माणसांनी घडवलेला आहे, आणि १९५५ च्या तिसऱ्या खंडात त्या चौघांपैकी मेरी हा हॉबिट तोच खंजीर आंगमारच्या त्या जुन्या राजावर चालवतो. थडग्यात मिळालेली वस्तू शेकडो पानांनंतर आपले काम पुरे करते. ‘स्कायरिम’मध्ये जुन्या नॉर्ड तलवारी इतक्या मिळतात की खेळाडू त्यांची किंमत आणि वजन पाहतो, सुरुवातीची ३०० ची वजनमर्यादा ओलांडली की त्या टाकून देतो किंवा दुकानदाराला विकतो. याला गेमचे दारिद्र्य म्हणण्याचा मोह होतो. माझ्या मते तो आवरावा. सागेतही धन मोजले जाते, आणि ग्रेत्तिरला ती तलवार लगेच मिळत नाही. यजमान थोरफिन ती स्वतःकडे ठेवतो आणि पुढे पराक्रमाबद्दल देतो. लुटीचा हिशेब ठेवणारा हा गेम त्या बाबतीत टोल्कीन यांच्यापेक्षा सागेला जवळचा आहे, हे यादी करून कधीच दिसले नसते.

हीच पद्धत इतर जोड्यांना लावता येते. फक्त नात्याचा प्रकार आधी ओळखावा. ‘द विचर’चे गेम आंद्रेय साप्कोव्स्की यांच्या कादंबऱ्यांनंतरचा काळ रंगवतात, म्हणून तिथे प्रश्न पुढे चालू ठेवण्याचा आहे. ‘एल्डन रिंग’ या गेमसाठी कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी त्या जगाचा पूर्वेतिहास लिहिला. तिथे तो इतिहास वस्तूंच्या वर्णनांत कसा तुकड्यातुकड्यांनी ठेवला आहे ते पाहावे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सच्या २०२० मधील ‘राजी’मध्ये दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, तेव्हा तुलना कादंबरीशी न करता पुराणकथनाशी करावी.

शेवटी जखम तपासावी. ग्रेत्तिर पुढे ग्लाम नावाच्या दुसऱ्या मृताला हरवतो, पण मरता मरता ग्लाम त्याला शाप देतो, आणि तेव्हापासून त्या बलाढ्य पुरुषाला अंधारात एकटे राहवत नाही. द्रांगे बेटावर लपतानाही त्याला धाकट्या भावाची सोबत लागते. ‘स्कायरिम’मध्ये ड्रॉगरची जखम औषधाच्या एका बाटलीने भरून येते. गेममध्ये अशी न भरणारी जखम कोठे आहे का, याचा शोध घ्यावा: पार्थुर्नाक्स या वृद्ध ड्रॅगनला मारायला नकार दिला, तर ‘ब्लेड्स’ संघटना खेळाडूला मदत नाकारते. तिथे कोणतीही बाटली उपयोगी पडत नाही. जुना सेव्ह मात्र पडतो, आणि तो आपण वापरला की नाही हेही टिपणात प्रामाणिकपणे नोंदवावे.