मंदीत कामगार कपात करताय? या चुका टाळा

गाडी कंपनीने पुढच्या महिन्याचं शेड्यूल अर्ध्यावर आणलं की त्याचा धक्का चाकण, भोसरी, वाळूज, अंबडच्या छोट्या शेडपर्यंत पोचायला फार दिवस लागत नाहीत. आधी ओव्हरटाइम थांबतो, मग तिसरी शिफ्ट बंद होते आणि एक दिवस ऑफिसात दार लावून यादी सुरू होते. बहुतेक चुका त्या दारामागेच होतात. पन्नास ते तीनशे कामगारांचे कारखाने चालवणाऱ्या मालकांसाठी आणि त्यांच्या एचआरसाठी हे लिहिलं आहे.

ले-ऑफ आणि छाटणी एकच समजणं

आयटीतली मंडळी नोकरी गेली की ‘ले-ऑफ झाला’ म्हणतात. आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे नोकरी जाणं नव्हे. कामगार हजेरीपटावर राहतो, पण कच्चा माल, वीज किंवा ऑर्डर नसल्याने त्याला तात्पुरतं काम देता येत नाही. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात अशा दिवसांचे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के द्यावे लागतात. नोकरी कायमची जाते ती छाटणीत.

नोटिशीत एक शब्द आणि मनात दुसरा असेल तर दोन्हीकडून फजिती होते. ‘ले-ऑफ’ लिहून माणूस घरी पाठवला आणि अर्धा पगारही थांबवला, तर तो उद्या हजेरीपट घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात उभा राहतो आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. मंदी दोन-तीन महिन्यांची वाटत असेल तर ले-ऑफ खरोखरच चांगला मार्ग आहे. अनुभवी सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर हातचा जात नाही आणि त्याच्या घरातली चूलही पेटती राहते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली कलमं तिच्यात सरकली, छाटणीचा गाभा बराचसा तोच राहिला. मोठा फरक आकड्याचा आहे. ले-ऑफ, छाटणी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी आता ३०० किंवा अधिक कामगार असतील तर लागते. पूर्वी केंद्राच्या कायद्यात हा आकडा १०० होता. ‘आमचे २८०च आहेत, म्हणजे काहीच लागत नाही’ असा अर्थ काही जण काढतात. परवानगी लागत नाही एवढंच. नोटीस, भरपाई आणि सरकारला कळवणं सुटत नाही.

एका हाताने काढणं, दुसऱ्या हाताने भरणं

पंधरा जणांना काढायचं आणि त्याच आठवड्यात उरलेल्यांकडून रोज चार तास ओव्हरटाइम करून घ्यायचा, किंवा ठेकेदाराकडून वीस नवी पोरं आणायची. याने मंदीचं कारण कामगारांसमोर आणि पुढे लेबर कोर्टातही लटकं पडतं. ओव्हरटाइमला दुप्पट दर पडतो, म्हणजे पैशाचाही हिशेब बसत नाही. यादी काढण्याआधी क्रम असा ठेवा: ओव्हरटाइम पूर्ण बंद, नवी भरती बंद, संचालकांचा पगार कमी, साठलेल्या रजा वापरायला सांगणं, मग ले-ऑफ. एवढं करूनही ताळा जुळला नाही तर छाटणी. आणि हो, त्या महिन्यात मालकाची नवी गाडी गेटातून आत येऊ नये. एचआरच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, पण कँटीनमध्ये आठ दिवस दुसरा विषय नसतो.

राजीनामा लिहून घेणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. केबिनमध्ये बोलावतात, टाइप केलेला कागद पुढे सरकवतात: ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’. सही केली तर हिशेब लगेच, नाही केली तर ‘मग बघू’. मालकाला वाटतं भरपाई वाचली. कामगाराचं काय जातं ते मोजून पाहा.

छाटणीची भरपाई तर जातेच. शिवाय कर्मचारी राज्य विमा योजनेतला बेरोजगारी भत्ता नोकरी आपल्या इच्छेविरुद्ध गेली असेल तरच मिळतो. त्यातल्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा अशी मदत आहे. कागदावर ‘राजीनामा’ आला की तिथल्या खिडकीवर अर्ज अडकतो. ज्याने कधी राजीनामा द्यायचं मनातही आणलं नव्हतं, त्याची ही मदत तुमच्या एका कागदाने बुडते.

मालकाचंही वाचत नाही. एकाच दिवशी, एकाच मजकुराचे, एकाच प्रिंटरवरचे चौदा राजीनामे समोर आले की ते स्वखुशीचे होते हे कोणालाही पटत नाही. दबावाने घेतलेला राजीनामा ही छाटणीच ठरू शकते, तीही बेकायदा. मग कामावर परत घेण्याचा आणि मधल्या काळाच्या पगाराचा आदेश येतो.

याचंच धाकटं भावंड म्हणजे मंदीत काढताना ‘काम समाधानकारक नाही’ असा शेरा मारणं. पुढच्या गेटवर तो कागद दाखवला की माणूस तिथूनच परत फिरतो. सर्व्हिस सर्टिफिकेटमध्ये सरळ लिहा: ‘ऑर्डर कमी झाल्याने पद कमी करण्यात आले. कामाबद्दल तक्रार नाही.’

‘हिशेब पुढच्या महिन्यात करू’

एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला छाटणीआधी एक महिन्याची लेखी नोटीस (त्यात कारण हवं) किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १२ महिन्यांत २४० दिवस भरले की ‘एक वर्ष’ झालं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. हे पैसे छाटणीच्या वेळीच द्यायचे असतात, ती अटच आहे. पुढच्या तारखेचा चेक किंवा तीन हप्ते म्हणजे अख्खी छाटणी कोर्टात कोसळायची सोय.

एक उदाहरण मांडून पाहू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये, सेवा ७ वर्षं ८ महिने (म्हणजे ८ धरायची), शिल्लक रजा २२ दिवस.

नोटिशीऐवजी पगार: १८,०००
छाटणी भरपाई: ९,००० × ८ = ७२,०००
ग्रॅच्युइटी: १८,००० ÷ २६ × १५ × ८ = ८३,०७७
रजेचे पैसे: १८,००० ÷ २६ × २२ = १५,२३१
एकूण: १,८८,३०८

त्या महिन्यात भरलेल्या दिवसांचा पगार वेगळा. नव्या संहितेप्रमाणे पुनर्कौशल्य निधीसाठी (काढलेल्याला नवं काम शिकता यावं म्हणून) शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम, इथे ९,०००, मालकाने वेगळी भरायची. ती छाटणीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायला हवी.

इथे तीन घोटाळे नेहमीचे. पहिला, ग्रॅच्युइटी आणि छाटणीची भरपाई एकच समजून एकच देणं. दोन्ही स्वतंत्र आहेत. दुसरा, ‘दिवाळीआधी काढलं की बोनस वाचला’ हा समज. बोनसच्या पगारमर्यादेत बसणाऱ्याने त्या वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर त्याचा वाटा निघतोच, आणि सणाच्या तोंडावर माणूस घरी बसवल्याचा बोल वर लागतो. तिसरा उशिराचा: छाटणीनंतर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते. म्हणून आधी बँकेत पैसे उभे करा आणि मगच तारीख ठरवा. खात्यात बारा जणांपुरते पैसे असतील तर यादी पंधराची नको.

कर कापतानाही बघा. छाटणीच्या भरपाईला ठरावीक मर्यादेत ५ लाखांपर्यंत आणि ग्रॅच्युइटीला २० लाखांपर्यंत सूट आहे. सरसकट टीडीएस कापून ‘रिटर्न भरा, मिळेल’ म्हणणं हा निव्वळ आळस आहे.

यादी ‘कोण नकोसा आहे’ यावर करणं

नियम साधा आहे: त्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जातो. वेल्डरची तुलना वेल्डरशी, पॅकिंगवाल्याची पॅकिंगवाल्याशी. अख्ख्या कारखान्याची एकच यादी करायची नाही. वर्गवार ज्येष्ठता यादी किमान सात दिवस आधी नोटीस बोर्डावर लावा. रुजू तारखेतल्या चुका तिथेच निघतात, विशेषतः सेवेत मधे ‘ब्रेक’ (खंड) दाखवलेल्यांच्या. क्रम मोडायचाच असेल, समजा रोबोटिक वेल्डिंग येणारा एकच माणूस आहे, तर कारण त्याच दिवशी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी सुचलेलं कारण टिकत नाही.

बाळंतपणाच्या रजेवरची बाई ‘तशीही येत नाहीच’ म्हणून यादीत घालणं बेकायदा आहे. युनियनचा पदाधिकारी नेमका याच मंदीत जादा ठरला, तर लोक काय समजायचं ते समजतात. ठेकेदाराच्या माणसांना ‘उद्यापासून येऊ नका’ एवढ्यावर सोडलं आणि ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

सांगण्याचा दिवस

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉम या कंपनीच्या प्रमुखाने एका झूम कॉलवर सुमारे ९०० जणांना काही मिनिटांत काढलं आणि जगभर छी-थू झाली. आपल्याकडचा झूम कॉल म्हणजे गेटवरचं थंब मशीन. रात्रीच सिस्टिममधून नाव काढलेलं असतं. सकाळी पावणेसातला माणूस डबा हातात घेऊन अंगठा लावतो, लाल दिवा लागतो. तो अंगठा शर्टाला पुसून पुन्हा लावतो. मागे रांग थांबलेली, आणि सिक्युरिटीवाला म्हणतो, ‘तुम्ही जरा बाजूला थांबा.’ हे टाळायचं तर नाव सिस्टिममधून काढण्याचं काम बोलणं झाल्यानंतर ठेवा, आधी नको.

दिवस मंगळवार किंवा बुधवार ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पीएफ, बँक, ऑफिस सगळं उघडं असतं. वेळ शिफ्ट सुरू होण्याची. अर्ध्या शिफ्टमध्ये बोलावून, सांगून पुन्हा मशीनवर पाठवू नका. डोक्यात घरभाडं आणि पोराची फी फिरत असलेला माणूस पॉवर प्रेससमोर उभा करणं म्हणजे बोटं जायची तयारी. त्या दिवसाचा पूर्ण पगार देऊन घरी सोडा. कंपनीची बस दुपारपर्यंत नसते, म्हणून गाडीची सोय करा. सेकंड शिफ्टवाल्यांना रात्री अकराला सांगून रस्त्यावर सोडू नका, त्यांना दुपारी तीनलाच सांगा.

एकेकाला बोलवा, प्रत्येकी वीस मिनिटं. समोर दोघंच: रोजचा सुपरवायझर आणि हिशेब समजावणारा एचआरवाला. मालकाने त्या दिवशी आवारात असावं. दौऱ्यावर निघून जाणं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पहिल्या दोन वाक्यांत मुद्दा सांगा: ‘शिंदे, ऑर्डर निम्म्यावर आल्या आहेत. तुमच्या विभागातली सहा पदं कमी करावी लागत आहेत, त्यात तुमचं नाव आहे. तुमच्या कामात खोट नाही.’ मग गप्प बसा. ‘मलाही झोप लागलेली नाही’ हे त्याला ऐकवू नका. हिशेबाचा कागद मराठीत, आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगारांसाठी हिंदीत, रक्कम ओळीओळीने मांडलेली. सही लगेच मागू नका. घरी नेऊन वाचू द्या.

पैसे दिले म्हणजे सुटलो

पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण भरलं नाही तर क्लेम पुढे सरकत नाही. कामगाराला स्वतः तारीख टाकता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेल्यावर. म्हणजे ऐन गरजेचे दोन महिने हातचे जातात. तारीख वेळेत भरा आणि आधार, बँक खातं, नावाचं स्पेलिंग नोटिशीच्या काळातच जुळवून घ्या. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ यातल्या एका अक्षरावर पैसे अडतात. समूह आरोग्य विमा असेल तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज नोकरी संपण्याआधी करून द्या, म्हणजे जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ पुन्हा शून्यापासून मोजावा लागत नाही.

सोसायटीचं कर्ज हा अवघड भाग. कामगार पतसंस्थेतून कर्ज घेतो आणि जामीनदार असतात शेजारच्या मशीनवरचे दोघं. तो गेला की हप्ते त्यांच्या पगारातून कापले जाऊ लागतात, आणि जाणारा व राहणारे यांच्यात कायमचं वाकडं येतं. पतसंस्थेच्या सचिवाला आधी बोलावून सहा महिन्यांची हप्तासवलत मागा. ग्रॅच्युइटीतून कर्ज परस्पर वळतं करू नका, त्या रकमेला जप्तीपासून संरक्षण आहे.

राहिलेल्यांना गृहीत धरणं

त्याच दिवशी दुपारी उरलेल्या सगळ्यांसमोर उभं राहा. किती जण गेले, का गेले, त्यांना काय दिलं हे सांगा. ‘पुढे कोणी जाणार का?’ हा प्रश्न येणारच. नक्की माहीत नसेल तर ‘पुढचा आढावा अमुक तारखेला’ एवढंच सांगा आणि ती तारीख पाळा. सर्वांत वाईट म्हणजे दर महिन्याला चार-चार जण काढणं. तिसऱ्या महिन्यापर्यंत चांगले ऑपरेटर आपणहून दुसरीकडे गेलेले असतात.

परत बोलावताना विसरणं

वर्षभरात त्याच कामाला माणूस लागला तर काढलेल्यांना आधी विचारावं लागतं. अडचण पत्त्याची असते. काम सुटलं की माणूस खोली सोडून बीड, लातूर, नांदेडकडे गावी जातो आणि सिमकार्डही बदलतं. म्हणून निरोपाच्या दिवशी गावचा पत्ता, घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर आणि जमणारी इतर कामं एका वहीत लिहून घ्या. भरती निघाली की रजिस्टर पत्र आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही पाठवा, यायला दहा दिवस द्या आणि आलेल्याची जुनी तिकीट नंबरची (कामगार क्रमांकाची) पाटी शिल्लक असेल तर तीच त्याला परत द्या.